एस्टोनियन दिग्दर्शक-निर्मात्याची कारकीर्द कशी अभ्यासावी आणि कशी लिहावी

एस्टोनियातल्या एखाद्या दिग्दर्शकाची चित्रपटसूची पहिल्यांदा हाती घेतली की ती तोकडी वाटते. वीस वर्षांत तीन-चार कथापट, मध्येच एखादा माहितीपट, दूरचित्रवाणीवरची एखादी मालिका आणि दोन चित्रपटांमध्ये सहा-सात वर्षांची पोकळी, असे चित्र दिसते आणि या माणसाच्या हातून फारसे काही घडले नाही, असा समज सहज होऊन बसतो. तो समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. १४ लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या देशात केवळ तिकीटविक्रीवर कथापटाचा खर्च निघणे फार अवघड असते, त्यामुळे पैसा उभा करण्यातच वर्षे जातात. आणि त्या वर्षांत दिग्दर्शक निर्माता होतो, नाट्यसंस्था चालवतो, वाहिनीचा कारभार पाहतो किंवा थेट राजकारणात जातो. म्हणून अशा व्यक्तीवर मराठीत लेख किंवा परिचय लिहायचा असेल, तर चित्रपटांच्या यादीइतक्याच, किंबहुना थोड्या अधिक बारकाईने, त्या यादीतल्या रिकाम्या जागा वाचाव्या लागतात. त्या कशा वाचाव्यात, माहिती कुठे मिळते आणि फसगत कुठे होते, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

रिकाम्या वर्षांसह कालपट मांडा

सुरुवात एका साध्या तक्त्याने करावी. त्यात वर्ष, कलाकृतीचे मूळ नाव व प्रकार, त्या व्यक्तीची नेमकी भूमिका आणि पैसा कुठून आला, असे चार रकाने ठेवावेत. महत्त्वाची अट अशी की व्यक्तीच्या शिक्षणापासून आजपर्यंतच्या प्रत्येक वर्षाला एक ओळ द्यायची, त्या वर्षी चित्रपट असो वा नसो. चित्रपट असलेल्याच वर्षांची नोंद केली, तर कारकिर्दीतला सर्वांत बोलका भाग आपल्या नजरेआड राहतो.

तानेल तूम या दिग्दर्शकाचे उदाहरण घ्या. राजधानी तालिनमध्ये शिकून तो ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये गेला. तिथे केलेल्या ‘द कन्फेशन’ या २०१० च्या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. इतके घवघवीत यश मिळालेल्या तरुणाचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट लगेचच आला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ‘तोदे या ओइगुस’, म्हणजे इंग्रजीत ‘ट्रुथ अँड जस्टिस’, हा त्याचा पहिला कथापट २०१९ मध्ये पडद्यावर आला. तक्त्यात २०११ ते २०१८ या आठ ओळी रिकाम्या दिसल्या की आपोआप प्रश्न पडतो : या काळात काय चालले होते? या चित्रपटाची पटकथा तानेल तूमनेच लिहिली आहे. आ. ह. तामसारे यांच्या ज्या कादंबरीवर तो आधारला आहे, तिचा पहिला खंड १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एस्टोनियात तिचे स्थान राष्ट्रीय महाकाव्यासारखे आहे. शिवाय २०१८ मध्ये साजऱ्या झालेल्या एस्टोनियन प्रजासत्ताकाच्या शताब्दीनिमित्त जे चित्रपट खास निवडून उभे करण्यात आले, त्यांत याचा समावेश होता. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की ती पोकळी रिकामी राहत नाही. पुढे देशातल्या चित्रपटगृहांत हा चित्रपट २ लाख ६० हजारांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला, म्हणजे ढोबळमानाने दर पाच नागरिकांमागे एकाने. ही गोष्ट लेखात यायलाच हवी, कारण त्या समाजात चित्रपटाचे वजन किती आहे ते तिच्यातून कळते.

माहिती कुठून घ्यावी

पहिला आधार म्हणून एफिस ही एस्टोनियन चित्रपटांची ऑनलाइन माहितीसूची वापरावी. जागतिक स्वरूपाच्या लोकप्रिय सूचींमध्ये जुने माहितीपट, वृत्तपट आणि सोव्हिएत काळातल्या नोंदी अनेकदा त्रोटक असतात. एफिसवर त्या बऱ्याच तपशिलाने मिळतात आणि श्रेयनामावली मूळ एस्टोनियन भाषेत असते. नव्या चित्रपटांसाठी एस्टोनियन चित्रपट संस्थेची प्रकाशने पाहावीत. या संस्थेची स्थापना १९९७ मध्ये एस्टोनियन चित्रपट प्रतिष्ठान या नावाने झाली आणि २०१३ मध्ये तिचे नाव व स्वरूप बदलले. म्हणून २००५ च्या चित्रपटाला ‘संस्थे’ने पैसे दिले असे लिहिणे चूक ठरेल, तिथे ‘प्रतिष्ठान’च म्हणावे. जुने एस्टोनियन चित्रपट पुष्कळ प्रमाणात आर्काडेर या संकेतस्थळावर पाहता येतात. मुलाखती आणि समीक्षेसाठी ‘सिर्प’ हे सांस्कृतिक साप्ताहिक व ‘तेआतर. मूसिका. किनो’ हे मासिक, आणि रोजच्या बातम्यांसाठी ईआरआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे इंग्रजी वृत्त, एवढे हाताशी असले तरी बराच पल्ला गाठता येतो. एस्टोनियन भाषा येत नसल्यास यांत्रिक भाषांतराची मदत घ्यायला हरकत नाही, पण व्यक्तींची नावे, पदनामे आणि आकडे मात्र मूळ पानावरूनच उचलावेत, कारण यंत्र नेमके तिथेच घोटाळा करते.

पदनामांबाबत विशेष सावध राहावे लागते. एस्टोनियन श्रेयनामावलीत रेझिसोर म्हणजे दिग्दर्शक, प्रोदुत्सेंट म्हणजे निर्माता आणि ओपेराटोर म्हणजे छायालेखक. हा शेवटचा शब्द वाचून त्याला कॅमेरा हाताळणारा साहाय्यक समजू नये. सोव्हिएत काळातल्या चित्रपटांत फिल्मिदिरेक्टोर असेही एक पद दिसते. ते निर्मिती व्यवस्थापकाचे पद आहे, आणि परभाषी सूचींमध्ये त्याचा अनुवाद कधी कधी सरळ दिग्दर्शक असा होऊन बसतो. असे झाले तर एकाच चित्रपटाला दोन दिग्दर्शक चिकटतात आणि व्यवस्थापकाच्या नावावर त्याने कधीही न केलेले चित्रपट जमा होतात.

चित्रपटांच्या नावांसाठी एकच नियम पाळावा : मूळ एस्टोनियन नाव ही त्या चित्रपटाची ओळख मानावी आणि इंग्रजी नाव लेखात पहिल्यांदा उल्लेख होताना फक्त एकदा द्यावे. एकाच चित्रपटाची महोत्सवातली आणि वितरणातली इंग्रजी नावे निराळी असू शकतात, आणि त्यामुळे एक चित्रपट दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो.

श्रेयनामावली ओळीओळीने वाचा

चित्रपट संपल्यावर वर सरकणारी अक्षरे आपण सहसा वाचत नाही. या अभ्यासात मात्र ती थांबवून, टिपून घेत वाचावीत, कारण माणसांचे आणि पैशांचे खरे नाते तिथेच सापडते. ‘मांदारीनिद’, म्हणजे इंग्रजीत ‘टँजरीन्स’, हा २०१३ चा चित्रपट पाहा. दिग्दर्शक झाझा उरुशाद्झे हे जॉर्जियाचे. कथा १९९२ च्या सुमाराच्या अबखाझिया या प्रदेशातल्या युद्धातली, तिथल्या एस्टोनियन वस्तीत मागे राहिलेल्या दोन माणसांची. चित्रीकरण जॉर्जियात झाले. तरीही ऑस्करसाठी हा चित्रपट एस्टोनियाने पाठवला आणि त्या देशाला परभाषी चित्रपटाच्या विभागात मिळालेले ते पहिले नामांकन ठरले. हे कसे घडले, याचे उत्तर श्रेयनामावलीत आहे : निर्माता इव्हो फेल्ट, निर्मितीसंस्था तालिनची ऑलफिल्म, छायालेखक राइन कोतोव्ह, आणि दोन मुख्य भूमिकांत लेंबित उल्फसाक व एल्मो न्युगानेन हे एस्टोनियन नट.

आता ही नावे आपल्या तक्त्यात इतरत्र शोधावीत. इव्हो फेल्ट आणि राइन कोतोव्ह ही जोडी ‘तोदे या ओइगुस’च्या श्रेयनामावलीतही भेटते. संत्र्यांच्या बागेचा मालक रंगवणारे एल्मो न्युगानेन स्वतः दिग्दर्शक आहेत. त्यांचा पहिला कथापट ‘निमेद मार्मोरताहव्लिल’ २००२ मध्ये आला, ‘मेलेतू’ २००६ मध्ये आणि ‘१९४४’ हा युद्धपट २०१५ मध्ये. शेवटच्या दोहोंमधल्या काळात ते तालिन सिटी थिएटर या नाट्यसंस्थेची धुरा सांभाळत होते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो त्यांना आठ-नऊ वर्षे गप्प बसलेला चित्रपट दिग्दर्शक समजेल. एस्टोनियन चित्रपटसृष्टी इतकी आटोपशीर आहे की पाच-सहा चित्रपटांच्या श्रेयनामावली नीट वाचल्या, तर निर्माते, छायालेखक आणि नट यांचे एक जाळेच डोळ्यांसमोर उभे राहते. एकट्या माणसाची कारकीर्द त्या जाळ्यातून उपटून काढून लिहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पैशाचा माग काढा

आजच्या बहुतेक एस्टोनियन चित्रपटांच्या आरंभी किंवा अखेरीस दोन चिन्हे दिसतात : एस्टोनियन चित्रपट संस्था आणि एस्टोनियन सांस्कृतिक निधी. पहिली संस्था पटकथालेखन, प्रकल्पाची पूर्वतयारी, निर्मिती आणि प्रसिद्धी व वितरण अशा वेगवेगळ्या टप्प्यांवर अनुदान देते. दुसरा निधी मूळचा १९२५ चा असून स्वातंत्र्यानंतर १९९४ मध्ये त्याची पुनःस्थापना झाली. मद्य व तंबाखूवरील अबकारी कर आणि जुगारावरील कर यांचा ठरावीक वाटा त्यात जमा होतो आणि त्यातून सर्व कलांना मदत मिळते. एखाद्या प्रकल्पाला पटकथेचे अनुदान एका वर्षी आणि निर्मितीचे चार वर्षांनी मिळाले असेल, तर त्या मधल्या चार वर्षांचा हिशेब लागतो. अनुदानाचे निर्णय जाहीर होत असतात, म्हणून ते शोधून तक्त्याच्या चौथ्या रकान्यात भरावेत.

देशातला पैसा पुरत नाही तेव्हा निर्माता सीमेपलीकडे पाहतो. फिनलंड, लाटव्हिया, लिथुआनिया, जर्मनी, फ्रान्स अशा देशांशी सहनिर्मिती होते आणि युरिमाज हा युरोपीय परिषदेचा निधी किंवा युरोपीय संघाचा मीडिया कार्यक्रम यांची जोड मिळते. अशा वेळी दिग्दर्शक म्हणून आणि निर्माता म्हणून केलेल्या कामाची मोजदाद निरनिराळी ठेवावी. निर्मात्या रीना सिल्दोस यांच्या कामाकडे पाहा. दिग्दर्शक इल्मार रागच्या ‘क्लास’च्या त्या निर्मात्या, आणि २०२१ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळवणाऱ्या युहो कुओस्मानेन यांच्या ‘हुत्ती नुमेरो कूसी’ या फिनिश चित्रपटाच्या एस्टोनियन सहनिर्मात्याही त्याच. पहिल्या चित्रपटात निर्मितीची मुख्य जबाबदारी एस्टोनियाकडे होती. दुसऱ्यात एस्टोनियाचा वाटा सहभागी देशाचा होता. दोन्ही श्रेये खरी आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही, आणि लेखात ते स्पष्ट व्हायला हवे.

याखेरीज २०१६ पासून ‘फिल्म एस्टोनिया’ ही योजना चालू आहे. तिच्याद्वारे देशात होणाऱ्या चित्रीकरणावरील पात्र खर्चाचा ठरावीक हिस्सा परत मिळतो. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘टेनेट’चे चित्रीकरण २०१९ च्या उन्हाळ्यात तालिनमध्ये झाले, आणि त्यातून समुद्राकाठची लिन्नाहाल ही जुनी भव्य इमारत जगाने पडद्यावर पाहिली. अशा परदेशी चित्रपटांना स्थानिक निर्मितीसंस्था सेवा पुरवतात. त्यात गेलेला काळ त्यांच्या स्वतःच्या चित्रपटसूचीत दिसत नाही; पण त्या कामातून मिळणारा अनुभव आणि उत्पन्न यांवर संस्था तग धरतात, म्हणून निर्मात्याच्या कारकिर्दीत त्याला जागा द्यावी.

रकमा लिहिताना चलनाकडे लक्ष असावे. एस्टोनियात जून १९९२ पर्यंत रूबल होता, त्यानंतर क्रोन आला आणि १ जानेवारी २०११ पासून युरो. क्रोनमधली रक्कम युरोत मांडायची असल्यास १ युरोस १५.६४६६ क्रोन हा अधिकृत स्थिर दर वापरावा. रूबलमधले अंदाजपत्रक मात्र आजच्या चलनात बदलण्याच्या भरीस पडू नये. सरकारी स्टुडिओतल्या खर्चाची रीतच निराळी होती आणि अशी तुलना दिशाभूल करते.

काळाची चौकट नीट बसवा

व्यक्तीचा जन्म १९६० च्या आधीचा असेल, तर तिच्या कारकिर्दीचा पहिला भाग तालिनफिल्म या सरकारी स्टुडिओत गेला असण्याची शक्यता दाट असते. तिथे आजच्या अर्थाने निर्माता नव्हताच. पैसा सरकारचा, पटकथेवर अंतिम शिक्का मॉस्कोतल्या चित्रपट समितीचा, आणि दिग्दर्शनाचे शिक्षणही बहुधा मॉस्कोच्या व्हीजीआयके या संस्थेत. त्यामुळे या काळातल्या चित्रपटांबाबत निर्मितीचे वर्ष आणि प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचे वर्ष वेगवेगळे तपासावे. काल्यो कीस्क यांचा ‘हुल्लुमेल्सुस’ १९६८ मध्ये तयार झाला, परंतु एस्टोनियाबाहेर तो दाखवण्यास मनाई होती. अशा चित्रपटाला त्या काळी बाहेर प्रतिसाद मिळाला नाही, असे लिहिणे म्हणजे बंदीचा दोष चित्रपटाच्या माथी मारणे होय. निर्मिती आणि प्रदर्शन यांत अंतर पडण्याचे प्रकार स्वतंत्र एस्टोनियातही घडले आहेत : काद्री कउसार यांचा ‘माग्नुस’ २००७ मध्ये कानच्या ‘अँ सर्तें रगार’ विभागात निवडला गेला, तरी न्यायालयीन निर्णयामुळे तो मायदेशी प्रदर्शित होऊ शकला नाही.

२० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य पुन्हा प्रस्थापित झाल्यानंतर स्टुडिओची व्यवस्था कोलमडली, लहान खासगी निर्मितीसंस्था उभ्या राहिल्या आणि दिग्दर्शकांना स्वतःच निर्माते व्हावे लागले. दिग्दर्शक-निर्माता हे दुहेरी पद आज एस्टोनियात इतके रुळलेले दिसते, त्याचे मूळ या दशकात आहे. नव्वदच्या दशकातली शांतता वाचताना हे विसरू नये.

संस्थांची नावे बदलतात, तीही सांभाळावी लागतात. आजची बाल्टिक चित्रपट व माध्यम शाळा तालिन विद्यापीठात आहे, पण त्या विद्यापीठाला हे नाव २००५ मध्ये मिळाले. त्याआधी तिथल्या चित्रपट विभागात शिकलेली व्यक्ती तालिन शिक्षणशास्त्र विद्यापीठाची पदवीधर असते. तसेच एस्टोनियन टेलिव्हिजन आणि एस्टोनियन रेडिओ मिळून ईआरआर ही संस्था २००७ मध्ये झाली. फारच मागे, मूकपटांच्या काळात गेलात तर पंचांगाचाही प्रश्न येतो. योहान्नेस पेसुके यांनी १९१२ च्या वसंतात तार्तूवरून झालेले विमानोड्डाण चित्रित केले आणि तिथून एस्टोनियन चित्रपटाचा इतिहास मोजला जातो. त्या वेळच्या कागदपत्रांतल्या तारखा जुन्या पंचांगाच्या असून आजच्या तारखेसाठी त्यांत १३ दिवस मिळवावे लागतात.

दोन कारकिर्दी जवळून

वर सांगितलेली रीत प्रत्यक्षात कशी चालते, ते इल्मार रागच्या उदाहरणात पाहता येते. जन्म १९६८, सारेमा बेटावरचे कुरेसारे हे गाव. शिक्षण तार्तू विद्यापीठात आणि पुढे परदेशात. २००२ ते २००५ या काळात तो एस्टोनियन टेलिव्हिजनचा प्रमुख होता. निव्वळ चित्रपटसूची पाहणाऱ्याला ही तीन वर्षे कोरी दिसतील, पण वाहिनी सोडली त्याच सुमारास, २००५ मध्ये, त्याचा ‘आउगुस्ट १९९१’ हा दूरचित्रवाणीपट आला. मॉस्कोतल्या उठावाच्या दिवसांत एस्टोनियात काय घडले, हा त्याचा विषय. वाहिनीचे प्रमुखपद आणि माध्यमे व सत्ता यांच्याविषयीचा हा चित्रपट शेजारी-शेजारी ठेवले की कोऱ्या वर्षांचा अर्थ उलगडू लागतो.

त्यानंतरचा ‘क्लास’ २००७ चा. शाळेतल्या मुलांनी एका मुलाचा केलेला छळ आणि त्याचा गोळीबारात झालेला शेवट, असा त्याचा विषय असून कार्लोव्ही व्हारी महोत्सवात त्याचे कौतुक झाले. त्याच कथेचे पुढचे पाऊल म्हणून २०१० मध्ये मालिका आली. २०१२ चा ‘एस्टलाना पारीझिस’ फ्रान्सबरोबरच्या सहनिर्मितीतून झाला, त्यात जान मोरो आणि लाइने मेगी यांच्या प्रमुख भूमिका आहेत आणि कथेमागे दिग्दर्शकाच्या आईच्या आयुष्यातला अनुभव आहे. लगेच २०१३ मध्ये ‘केर्तू’ या चित्रपटासाठी तो सारेमाला परतला. इथे लेखकाला एक जागा मिळते, जी मी स्वतः कधीही सोडणार नाही : ज्या बेटावर तो जन्मला, तिथेच पॅरिसनंतर त्याने कॅमेरा नेला, आणि दोन्ही चित्रपटांच्या मध्यभागी एकटी पडलेली स्त्री आहे. असे धागे तारखांच्या यादीत दिसत नाहीत, चित्रपट ओळीने पाहिल्यावरच दिसतात.

पेटेर रेबाने यांची वाट अगदी वेगळी आहे आणि म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे. हार्वर्डमध्ये शिकून परतलेल्या रेबाने यांनी चित्रपटाआधी मोठ्या संगीत मैफलींच्या आयोजनात नाव मिळवले. पेट शॉप बॉइज या ब्रिटिश गायकजोडीच्या ‘टुगेदर’ या गाण्याची चित्रफीत त्यांनी २०१० मध्ये दिग्दर्शित केली, आणि गायक रॉबी विल्यम्सच्या २०१३ च्या तालिनमधल्या मैफलीसाठी आलेल्या चाहत्यांवर माहितीपट केला. त्यांचा पहिला कथापट ‘फायरबर्ड’ २०२१ चा. सोव्हिएत ताब्यातल्या एस्टोनियातील हवाई तळावर सत्तरच्या दशकात एक तरुण सैनिक आणि एक लढाऊ वैमानिक यांच्यात जुळलेल्या प्रेमाची ही कथा सेर्गेई फेतिसोव्ह यांच्या आठवणींवर आधारलेली आहे. रेबाने यांनी मुख्य अभिनेता टॉम प्रायर याच्याबरोबर पटकथा लिहिली, दिग्दर्शन केले आणि निर्मितीतही वाटा उचलला.

या कारकिर्दीत आयोजकाची वर्षे वगळून थेट चित्रपटावर आलो, तर पन्नाशीकडे झुकलेल्या नवख्याचा पहिला प्रयत्न एवढेच हाती लागते. ती वर्षे धरली, तर परदेशी कलाकारांशी करार करणे, मोठ्या रकमा उभ्या करणे आणि इंग्रजी भाषक प्रेक्षकांपर्यंत पोहोचणे ही निर्मात्याची कौशल्ये कुठे घडली, ते समजते. शिवाय कथेचा काळही सांगावा लागतो. सोव्हिएत कायद्यात पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा गुन्हा होता आणि एस्टोनियाने तो १९९२ मध्ये रद्द केला. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा कायदा तिथल्या संसदेने जून २०२३ मध्ये संमत केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. रेबाने यांनी विवाहसमानतेची बाजू जाहीरपणे मांडली आहे, त्यामुळे चित्रपट आणि कायद्याचा प्रवास एकत्र सांगणे योग्य ठरते. चित्रपटामुळेच कायदा झाला, असे मात्र म्हणू नये. तेवढा पुरावा हाती नसतो.

राजकारणाकडे वळलेल्यांची उदाहरणेही कमी नाहीत. लेन्नार्त मेरी यांनी फिन-उग्री (फिनिश व एस्टोनियनच्या कुळातल्या) भाषा बोलणाऱ्या लोकांवर केलेले माहितीपट आजही आदराने पाहिले जातात, आणि १९९२ ते २००१ या काळात ते देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. माहितीपटकार मार्क सोओसार यांनी पेर्नू इथे दृश्य मानवशास्त्राचा महोत्सव सुरू केला आणि पुढे ते संसदेतही बसले.

चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत

गाजलेल्या चित्रपटापासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा. पहिला लघुपट, मग पहिला कथापट, मग सर्वांत कमी बोलला गेलेला चित्रपट आणि शेवटी गाजलेला, असा क्रम लावला तर गाजलेल्या चित्रपटातले काय नवे आणि काय आधीपासूनचे, ते आपोआप कळते. माहितीपट वगळू नयेत. आन्ना हिन्ट्स यांच्या ‘साव्वुसान्ना सोसारद’ला २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी माहितीपट विभागातल्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी युरोपीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्तम माहितीपट ठरला. त्याचे चित्रीकरण सात वर्षे चालले होते. धुराच्या सौनात, म्हणजे तापवलेल्या स्नानघरात, अंधाऱ्या उष्णतेत बसून बायका आपल्या आयुष्यातले दुःख बोलून दाखवतात, आणि कॅमेरा अनेकदा चेहरा न दाखवता खांदा, पाठ, हात यांवर स्थिरावतो. इतका विश्वास मिळवायला काही वर्षे लागणारच, हे तो चित्रपट पाहताना जाणवते, आणि तक्त्यातल्या त्या वर्षांकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

पुरस्कार मोजून-मापून लिहा

देशाची अधिकृत प्रवेशिका, अंतिम निवडीच्या आधीची छोटी यादी, नामांकन आणि पुरस्कार या चार निराळ्या पायऱ्या आहेत. ‘तोदे या ओइगुस’ ऑस्करच्या छोट्या यादीपर्यंत पोहोचला, ‘मांदारीनिद’ला नामांकन मिळाले, दोघांनाही ‘ऑस्करप्राप्त’ म्हणणे चूक. राइनर सारनेत यांचा ‘नोव्हेंबर’ एस्टोनियाने पाठवला होता, पण त्याचा खरा मान वेगळा आहे : त्याच्या कृष्णधवल छायालेखनासाठी मार्त तानिएल यांना २०१७ च्या ट्रायबेका महोत्सवात पुरस्कार मिळाला. हाप्सालूतल्या तलवारबाजीच्या शिक्षकावरचा ‘द फेन्सर’ एस्टोनियन भाषेत असूनही ऑस्करसाठी फिनलंडने पाठवला, कारण दिग्दर्शक क्लाउस हेरो आणि मुख्य निर्मिती तिथली. तालिनच्या ब्लॅक नाइट्स महोत्सवाचा उल्लेख आल्यास तो १९९७ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये त्याला प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धा-महोत्सवांचा ‘अ’ दर्जा मिळाला, हे लक्षात ठेवून त्या-त्या वर्षीच्या निवडीचे मोल ठरवावे.

प्रत्यक्ष लिहिताना

तक्ता भरला, चित्रपट पाहून झाले की लेखनाची मांडणी जन्मापासून न करता त्या व्यक्तीच्या कारकिर्दीला वळण देणाऱ्या एका निर्णयापासून करावी. रागच्या बाबतीत तो वाहिनी सोडण्याचा, रेबाने यांच्या बाबतीत आयोजनातून कथापटाकडे वळण्याचा. त्यानंतर मागे जावे आणि मग पुढे यावे. नावांचे देवनागरी रूप एकदा ऐकून ठरवावे आणि संपूर्ण लेखात तेच ठेवावे. मुलाखतीतले वाक्य अवतरणचिन्हांत द्यायचे असेल, तर ते भाषांतराच्या भाषांतरातून आलेले नसावे. तसे असल्यास आशय आपल्या शब्दांत सांगणे अधिक प्रामाणिक. कुटुंब, आरोग्य, नातेसंबंध या गोष्टी त्या व्यक्तीने स्वतः जाहीरपणे सांगितल्या असतील आणि कामाशी त्यांचा संबंध असेल, तरच घ्याव्यात.

हयात व्यक्तीच्या सूचीत शेवटी आगामी चित्रपट असतात. घोषणा, पटकथेचे अनुदान, निर्मितीचे अनुदान, चित्रीकरणाला प्रारंभ आणि प्रदर्शन या पायऱ्यांपैकी प्रकल्प कुठे आहे, ते तारखेसह नोंदवावे आणि पडद्यावर आलेल्या चित्रपटांच्या यादीत तो मिसळू नये. निर्मितीचे अनुदान मिळालेले नसेल, तर तो प्रकल्प चौथ्या रकान्यात पेन्सिलीने लिहून ठेवावा आणि पुढच्या वर्षीचे निर्णय जाहीर झाले की पुन्हा पाहावा.